तिन्हीसांजेचे रडणे आणि आईचे दूध

(जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त नाहूर येथील माता मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मी वैद्य नाही. माहिती खात्यातील एक अधिकारी आणि एका मुलीचा बाप, एवढ्याच अधिकाराने मी आपल्यापुढे उभा आहे.

मुलुंड आणि भांडुप यांच्या मधले हे नाहूर. येथे २००६ साली रेल्वे स्थानक झाले आणि वस्ती झपाट्याने वाढली. सायंकाळी घरातील पुरुषमाणूस लोकलच्या गर्दीत असतो आणि नेमके त्याच वेळी दिवसभर शांत असलेले तान्हे किरकिर करू लागते. पाजावयास घेतले तर चार घोट घेऊन तोंड फिरवते, खाली ठेवताच आक्रोश करते आणि पुन्हा दूध मागते. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. घरातील वडीलधारी म्हणतात, दूध पुरत नाही. मीठमोहऱ्या ओवाळल्याने बाळाचे काही बिघडत नाही. मिरच्यांचा धूर मात्र त्याच्यापासून दूर ठेवावा. खरा घात होतो तो दुसऱ्या वाक्याने.

आमच्या घरी तेच झाले. मुलगी सहा आठवड्यांची असताना दुधाच्या भुकटीचा डबा मी स्वतः विकत आणला. त्या रात्री ती झोपली आणि आमचे निदान खरे ठरले, असे आम्हांस वाटले. एका बाटलीच्या चार झाल्या. दोन महिन्यांत पत्नीचे दूध खरोखरीच आटत आले. बाळ जितके दूध ओढते तितकेच ते तयार होते, हा साधा नियम आम्हांला फार उशिरा कळला.

सायंकाळचे हे रडणे साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसास पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप ओसरते. बाटलीने दूध पिणारी बाळेही असेच रडतात. तेव्हा केवळ रडण्यावरून दुधाचे माप काढू नये. पहिल्या आठवड्यानंतर बाळाला चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन महिन्याला किमान ५०० ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे निःशंक समजावे.

रडणाऱ्या तान्ह्याला गप्प करण्याचा घातक मार्ग या मुंबईने पूर्वीही पाहिला आहे. गिरणीत जाणाऱ्या माता बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देत. डॉ. बार्न्स यांनी १९२२ साली सरकारला सादर केलेल्या अहवालात, कामगार स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ तान्ह्यांना अफू दिली जाते, असे नमूद केले होते. दोष त्या मातांचा नव्हता. त्यांना घरी राहण्याची सवड नव्हती. पुढे १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. आज बाळगोळी गेली, डबा आला. डब्याच्या व बाटलीच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु रडणारे बाळ हीच त्या डब्याची सर्वांत प्रभावी जाहिरात ठरते.

मग करावे काय? सायंकाळी बाळ मागेल तितक्या वेळा पाजावे. दिवे मंद करावेत, गलका कमी करावा, बाळाला उघड्या छातीशी धरावे, खांद्यावर घेऊन फिरवावे. हे काम वडिलांनाही उत्तम जमते. आईला जेवू द्यावे, घटकाभर निजू द्यावे. सहा महिन्यांपर्यंत पाणी, मध, घुटी, ग्राइप वॉटर यांतील काहीही देऊ नये. संताप अनावर झाल्यास बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून चार पावले दूर जावे. त्याला गदागदा हलवू नये, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, ग्लानी, दूध ओढण्यास नकार किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. वरच्या दुधाची गरज काही बाळांना असते. तो निर्णय डॉक्टरांचा असावा, शेजाऱ्यांचा नसावा.

येथे उपस्थित असलेले अधिकारी, शिक्षक आणि शेजारच्या ठाणे जिल्ह्यातून आलेले पंचायत सदस्य यांना एक विनंती आहे. आशा कार्यकर्तीची नवजात बाळासाठीची शेवटची ठरलेली गृहभेट ४२ व्या दिवशी असते, म्हणजे हे रडणे ऐन भरात असते तेव्हा. त्या भेटीत बाळाचे वजन करावे, लघवीची चौकशी करावी आणि सासू, पती यांना समोर बसवून हे सारे सांगावे. आपापल्या गावी ही भेट चुकू देऊ नका.

माझ्या घरी त्या वेळी कोणी एवढेच सांगितले असते, तर तो डबा दुकानातच राहिला असता.