छतावरची वीज आणि खांबावरचा माणूस



करोल बागेत बिऱ्हाड थाटल्यापासून वीज जाणे आम्हांस अपरिचित नाही. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी तर उत्तर भारताचे सारे वीजजाळेच कोसळले होते. पण ते पारेषणाचे संकट होते. आपल्या गल्लीतला अंधार बहुधा वितरणातील बिघाडाचा असतो. त्या बिघाडासंबंधीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

वितरणाची जुनी रचना नदीसारखी एकमार्गी. उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टच्या दाबाने निघालेली वीज रोहित्रापाशी घरगुती दाबावर उतरे आणि आपल्या दारी येई. केबल बिघडली की अलीकडचा स्विच उघडावयाचा, म्हणजे पलीकडचा मार्ग निर्जीव. मग बिघाडाचा तुकडा तेवढा वेगळा काढून उरलेल्या घरांना दुसऱ्या वाहिनीवरून पुरवठा द्यावयाचा, अशी रीत.

आता छतांवर सौरपट आले. दिल्लीत २०१४ च्या नेट मीटरिंग विनियमांनी घरची शिल्लक वीज जाळ्यात सोडण्याची वाट मोकळी केली. नदीला खालच्या अंगानेही पाणी येऊन मिळू लागले! आता वरचा स्विच उघडला तरी गल्लीतली तार जिवंत राहू शकते, आणि तिला हात लावणारा वायरमन प्राणास मुकू शकतो. म्हणूनच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनी, जाळे तुटताच अशा यंत्रणेने दोन सेकंदांच्या आत वीज देणे थांबवावे, असे बंधन घातले. लख्ख उन्हातही आपली सौरवीज अशा वेळी बंद पडते, तो दोष नव्हे; ते कोणाच्या तरी जिवाचे रक्षण आहे.

घरच्या जनित्राला मात्र असे शहाणपण नसते. त्याची तार सरळ सॉकेटमध्ये खुपसली, तर ती वीज रोहित्रात उलटी शिरून पुन्हा हजारो व्होल्टपर्यंत चढू शकते. एका गणेशोत्सवात मंडपाची वीज गेली तेव्हा घाईघाईने आम्ही हेच करू लागलो होतो. खाली उभ्या असलेल्या वायरमनने आमचा हात धरला. वर आपला भाऊ चढला आहे, एवढेच तो म्हणाला. आरती त्या दिवशी समईच्या उजेडात झाली.

सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एवढा एकच नेम करावा, अशी आमची विनंती आहे: चेंजओव्हर स्विचवाचून जनित्र कधीही जोडू नये. आपल्या घरी चार दिवे लागावेत म्हणून दुसऱ्याच्या घरचा दिवा विझता कामा नये.