तुळाजी आंग्रे : एका सरखेलाचे घर



रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. १७५६ च्या सुरुवातीला हा किल्ला पेशव्यांच्या ताब्यात आला. त्याआधी तो तुळाजी आंग्र्यांकडे होता. कान्होजींचे नाव आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, तुळाजींचे मात्र एका वाक्यापुरते येते : पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने आपलेच आरमार बुडवले. हे वाक्य खोटे नाही. पण त्यात तुळाजी नावाचा माणूस दिसत नाही, त्याची आई, बायका, मुले दिसत नाहीत आणि हे घर आतून कधीपासून फुटत आले होते तेही दिसत नाही. आज मला त्या घराविषयी बोलायचे आहे.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. मागे वेगवेगळ्या आयांचे सहा मुलगे : सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी. थोरल्या सेखोजींनी चार वर्षे घर सांभाळले. १७३३ मध्ये, जंजिऱ्याची मोहीम ऐन भरात असताना ते गेले आणि त्यांच्या पाठोपाठ भावकीने डोके वर काढले. संभाजी सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, झाले, पण मानाजींना ते मानवले नाही. त्यांनी पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा मिळवला. त्या धामधुमीत त्यांनी येसाजींचे, म्हणजे आपल्याच भावाचे, डोळे काढवले असे इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी मध्ये पडून वाटणी केली. मानाजींना कुलाबा आणि 'वजारतमाब' हा किताब, संभाजींना विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि सरखेली. भांडण मिटवण्याचा तो एक मार्ग होता हे मान्य. पण ज्या आरमाराने मुंबईकर इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांना एकाच वेळी धाकात ठेवले होते, ते त्या दिवशी अर्धे अर्धे झाले आणि दोन्ही अर्ध्यांची दोरी पुण्याच्या हाती गेली. विजयदुर्ग १७५६ मध्ये पडला, पण त्याचा पाया १७३५ च्या या वाटणीत खचला, असे माझे स्पष्ट मत आहे.

संभाजी १७४२ मध्ये वारले आणि तुळाजी पुढे आले. शाहू महाराजांनी त्यांना सरखेली दिली ती कामगिरी सांगून : सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट घ्यायचे. या दोन किल्ल्यांची सल जुनी होती. १७२७ मध्ये सिद्दी सातने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले होते आणि त्या देवस्थानाचे ब्रह्मेंद्रस्वामी तेव्हापासून छत्रपती, पेशवे, आंग्रे अशा सगळ्यांच्या मागे लागले होते. मोठमोठ्या मोहिमा होऊनही गोवळकोट हाती येत नव्हता. तुळाजींनी १७४५ मध्ये अंजनवेल घेतले. वाशिष्ठीच्या मुखावरचा तो किल्ला तेव्हापासून गोपाळगड झाला आणि गोवळकोट गोविंदगड झाला. गुहागर-चिपळूणची मंडळी आजही हीच नावे घेतात, फक्त ती कोणाच्या पराक्रमाने पडली हे सांगायचे राहून जाते.

समुद्रावर तर त्यांची जरब कान्होजींच्या काळाइतकीच होती. आंग्र्यांचे दस्तक नसलेले जहाज या किनाऱ्यावरून सुखाने जाईना. १७४९ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे 'रिस्टोरेशन' हे लढाऊ जहाज पकडून आपल्या आरमारात घातले. १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांच्या ताफ्याची त्यांनी वाताहत केली.

मग असा माणूस बदनाम का झाला? त्याचे काही कारण त्यांच्यातच होते आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. ते स्वभावाने तापट आणि हाताने कठोर होते. सावंतांच्या मुलखात त्यांनी धुमाकूळ घातला. कोकणातले ब्राह्मण आणि सावकार त्यांच्या जुलमाच्या तक्रारी घेऊन पुण्याला जात. पण पुण्याला सत्तेवर कोण होते तेही पाहा. पेशवे मूळ श्रीवर्धनचे. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव. तक्रार करणारा आणि ऐकणारा एकाच नात्यागोत्यातला होता, आणि तुळाजींची बाजू तिथे मांडणारा कोणी नव्हता. त्यांची बाजू होती. सरखेली छत्रपतींनी दिलेली आणि पेशवेपदही छत्रपतींनीच दिलेले, तेव्हा एका चाकराने दुसऱ्या चाकराला खंडणी का भरावी? शाहू महाराज होते तोवर या प्रश्नाला धार नव्हती. ते १७४९ च्या डिसेंबरात गेले, पुढच्या वर्षी सांगोल्याचा करार होऊन कारभार पुण्याला आला, आणि जी ताठर निष्ठा होती तिला एकाएकी बंड म्हणू लागले.

असे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. नॉर्मंडीत रॉबर्ट द बेलेम नावाचा सरदार होऊन गेला. त्याच्या आईचा खून झालेला, बाप इंग्लंडमधल्या श्रूजबरीचा मोठा जहागीरदार. ११०२ मध्ये राजा पहिला हेन्री याने त्याला आणि त्याच्या भावांना इंग्लंडमधून हाकलले, १११२ मध्ये त्याला कैद केले आणि तो तुरुंगातच संपला. त्याच्या क्रौर्याच्या कथा आपल्यापर्यंत येतात त्या मुख्यतः ऑर्डेरिक व्हिटॅलिस या मठवासी भिक्षूच्या इतिहासातून, आणि ऑर्डेरिकच्या मठाला बेलेम घराण्याचा जाच झालेला होता. रॉबर्ट भला होता असे यावरून ठरत नाही. पण साक्षीदाराचे वैर लक्षात घेऊन साक्ष वाचावी लागते, तशीच ती तुळाजींच्या बाबतीतही वाचली पाहिजे.

मार्च १७५५ मध्ये पेशवे नानासाहेबांच्या वतीने रामाजी महादेवांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. एप्रिलच्या सुरुवातीला कमोडोर जेम्सने 'प्रोटेक्टर' जहाजावरून हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. आत दारूगोळ्याचा भडका उडाला आणि किल्ला पडला. बाणकोट इंग्रजांच्या घशात गेला. पावसाळ्यानंतर पेशव्यांच्या फौजेने किनाऱ्यावरची ठाणी एकामागून एक घेतली, त्यातच आपला रत्नदुर्गही. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. जमिनीकडून पेशव्यांची फौज होतीच. तुळाजी किल्ला नातलगाच्या हवाली करून बोलणे लावायला पेशव्यांच्या छावणीत गेले. तडजोड व्हावी हीच त्यांची इच्छा असणार. पण ही तडजोड आपल्याला वगळून होईल या धास्तीने इंग्रजांनी थांबायचे नाकारले. १२ फेब्रुवारीला तोफांचा मारा सुरू झाला. एक गोळा जाऊन पडला तो नेमका 'रिस्टोरेशन'वर. ते पेटले, आग शेजारच्या गुराब जहाजांना लागली आणि काही तासांत वाघोटन खाडीच्या मुखाशी नांगरलेले आंग्र्यांचे सबंध आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले. क्लाइव्हने आपली माणसे आधीच किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्यामध्ये आणून ठेवली होती. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, दोस्त म्हणवणाऱ्या पेशव्यांना छदामही दिला नाही, आणि किल्ला परत मिळवायला ऑक्टोबरातला दुसरा तह व्हावा लागला.

ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती त्यानंतरची. वॉटसनच्या जहाजावर एडवर्ड आइव्हज नावाचा शल्यवैद्य होता, त्याने ती लिहून ठेवली आहे. किल्ल्यात तुळाजींची वृद्ध आई, बायका आणि लहान मुले सापडली. वॉटसन त्यांना भेटायला गेला. आईने त्याच्यापुढे आक्रोश केला : रयतेला राजा उरला नाही, मला मुलगा नाही, सुनांना नवरा नाही, नातवंडांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, आता मलाच वडील समजा. त्यावर सहा वर्षांच्या एका पोराने पुढे होऊन त्याचा हात धरला आणि म्हटले, मग तूच माझा बाप हो. वॉटसनच्या डोळ्यांत पाणी आले असे आइव्हज लिहितो, आणि मला ते खरे वाटते. पण तो वॉटसन लौकरच बंगालला गेला आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात मरण पावला. या बायकामुलांचे पुढे काय करायचे हे पुण्यात ठरणार होते.

तुळाजी पुन्हा सुटले नाहीत. त्यांना एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर हलवत राहिले, पण समुद्र कुठूनही दिसणार नाही अशा घाटमाथ्यावरच्या आणि देशावरच्या जागी. कैदेतल्या राजाचे दिवस कसे जातात हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आपण १८८६ पासून १९१६ पर्यंत इथेच पाहिले, पण त्याला निदान वाड्यातून समुद्र दिसत होता.

घराच्या दुसऱ्या शाखेचे भले झाले असे म्हणावे तर तेही फार काळ नाही. मानाजी तुळाजींच्या पाडावानंतर दोन-तीन वर्षांतच वारले. कुलाब्याचे आंग्रे पुढे ऐंशी वर्षे नांदले आणि १८४० मध्ये औरस वारस नाही म्हणून कंपनीने ते संस्थान खालसा केले. विजयदुर्गाचे आरमार आनंदराव धुळपांकडे गेले. त्यांनीही पराक्रम केला, १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' पकडले, तेव्हा मराठी आरमार १७५६ मध्ये नामशेष झाले हे म्हणणे धुळपांवर अन्याय करणारे आहे. पण किनाऱ्याचा धनी समुद्रावरच जन्मलेला आणि वाढलेला असावा, हे आता राहिले नाही. आरमाराच्या सुभ्याचा हिशेब पुण्याला द्यावा लागे आणि पुण्याचे लक्ष उत्तरेकडे होते.

तुळाजींची मुलेही त्यांच्याबरोबर कैदेत होती. बारा-चौदा वर्षे बंदीत काढल्यावर त्यांतले दोघे निसटले. आपल्या मुलखात त्यांना आसरा द्यायला कोणी धजले नसते, कुलाब्याच्या भाऊबंदांकडे जायची सोय नव्हती. ग्रँट डफ नोंदवतो की ते मुंबईला पोहोचले आणि इंग्रजांनी त्यांना आश्रय दिला.