माती-पाण्याचे शास्त्र व संगणक : आपल्या मुलांसाठी नवी वाट



मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोरगी माती-पाण्याच्या विषयात एम.एस्सी. करतो म्हणते. पुढे नोकरी कुठं?"

आधी काम पाहू. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असते. ते भारी काळ्या जमिनीला दिल्यास सोडियम वाढतो, जमीन घट्ट होते, निचरा थांबतो. म्हणून पावसाचे पाणी किती मुरते, किती वाहून जाते, याचा गाववार हिशेब लागतो. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने असा ताळेबंद संगणकावर मांडला. या कामाला माती ओळखणारा आणि प्रोग्रॅमही लिहिणारा माणूस हवा.

संस्था दूर नाहीत. नागपुरात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नीरी व राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे. नेट उत्तीर्ण झाल्यास कृषी विद्यापीठात सहायक प्राध्यापक पदाचा मार्गही खुला होतो.

मात्र सुरुवातीच्या बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, कराराच्या असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते. म्हणून रुजू होण्याआधी मुदत विचारावी. शिकत असतानाच पायथन व संगणकीय नकाशे हाताखालून घालावेत, म्हणजे दुसरे काम मिळणे सोपे जाते.

पाणी कोणत्या वावरात तुंबते, हे आपल्या पोरीला लहानपणापासून ठाऊक आहे. ही शिदोरी वर्गात मिळत नाही. तिला शिकू द्या.