संकल्पातले नाव



परदेशाहून परतलेल्या माणसाला व्याख्यानमालेत उभे केले की तो तिथल्या स्वच्छ रस्त्यांचे गोडवे गाणार, हे आपण धरूनच चालता. ते आम्ही थोडक्यात उरकतो. हॉलंडात ट्राम वेळेवर येते, आणि सायकलींच्या वाटेवर कोणी चुकून उभा राहिला तर घंटीच्या आवाजाने त्याला जागचा उडवतात. कांद्याची चौकशी आपण करणारच, म्हणून तेही सांगून टाकतो. तो देश जगातल्या मोठ्या कांदा निर्यातदारांपैकी एक आहे. कांदा पिवळ्या सालीचा, दिसायला गुबगुबीत. पण आपल्या उन्हाळ कांद्याची सर त्याला नाही. लासलगावात उभे राहून याहून वेगळे बोलण्याची आमची छाती नाही!

आम्ही उभयता ॲमस्टरडॅमला गेलो ते भाच्याकडे. तो तिथे नोकरीला आहे आणि आठ वर्षे एका डच तरुणाबरोबर संसार करीत आहे. 'संसार' हा शब्द आम्ही जाणून वापरतो. त्या देशाने 1 एप्रिल 2001 पासून अशा विवाहाला कायद्याची मान्यता दिली, आणि अशी मान्यता देणारा तो जगातला पहिला देश. भाच्याच्या परवानगीने हे सांगत आहोत. नाव मात्र सांगणार नाही. गावात कोणी विचारले की "नोकरीच्या धावपळीत लग्न राहून गेले" असे उत्तर इतकी वर्षे आम्हीच देत आलो. ते खोटे होते.

पहिल्याच रविवारी भाचा म्हणाला, "मामा, सकाळी प्रार्थनेला येता का? आज कॉफीची पाळी आमची आहे." ही मंडळी रेमॉन्स्ट्रंट पंथाची. सतराव्या शतकात अधिकृत धर्मसभेने या पंथाला बाहेर काढले होते. उघड उपासनेला बंदी म्हणून 1630 साली त्यांनी ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी बाहेरून साध्या घरासारखे दिसणारे चर्च बांधले. ती वास्तू आजही उभी आहे. तिथे आता व्याख्याने आणि वादसभा होतात, म्हणजे आपलेच काम चालते! याच पंथाने 1986 साली समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला चर्चमध्ये आशीर्वाद देण्याचा ठराव केला. ख्रिस्ती जगात असे करणारा हा पहिला पंथ मानतात. स्वतः दाराबाहेर उभे राहिलेल्यांनाच आधी दार उघडावेसे वाटले, यात आम्हांला नवल वाटले नाही.

आम्ही मात्र फार मोठ्या तयारीने गेलो होतो. लोक या दोघांकडे कसे पाहतील, आपण कसे पाहावे, कोणी विचारले तर काय सांगावे, सगळी उत्तरे मनात घोकून ठेवली होती. प्रार्थना झाली. प्रवचन एका बाईंनी केले. भाषा डच, त्यामुळे पुण्य किती पदरात पडले ते देव जाणे. मग भाचा आणि त्याचा सोबती किटल्या घेऊन टेबलामागे उभे राहिले. एक वृद्ध बाई आल्या, कॉफीचा घोट घेतला आणि दोघांना चांगल्याच फैलावर घेऊ लागल्या. आमचा जीव वरखाली झाला. चौकशी केली तेव्हा कळले, कॉफी पातळ झाली होती. मागच्या खेपेलाही पातळ झाली होती. त्या दोघांबद्दल त्या दालनात एवढीच काय ती तक्रार होती. हिने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना बोलतात ना, तसं!"

परतताना भाच्याने वेस्टर चर्चच्या शेजारी नेले. तिथे 1987 पासून गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण बसवलेले आहेत. नाझी छावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवीत, त्याची ती आठवण. एक त्रिकोण पायऱ्यांनी कालव्याच्या पाण्यापर्यंत उतरतो. नदीच्या घाटासारखाच म्हणा. त्या पायरीवर बसून भाच्याने मामीला विचारले, "मामी, पुढच्या वर्षी तुझ्या घरी सत्यनारायण घालायचाय. आम्ही दोघं पूजेला बसलो तर गुरुजी संकल्पात नाव कसं घेतील?"

हिला उत्तर सुचले नाही. आम्हांलाही नाही.

पुढे लंडनमध्ये क्वेकर लोकांची सभा पाहिली. तिथे पुरोहितच नाही. सगळे तासभर गप्प बसतात; ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून दोन शब्द बोलतो. बोलघेवड्या माणसाला तो तास फार जड जातो, हे अनुभवाने सांगतो. त्यांच्या लग्नात वधूवर एकमेकांना वचन देतात आणि हजर असलेले सगळे जण, पोरेसोरेसुद्धा, दाखल्यावर साक्षीदार म्हणून सह्या करतात. 2009 साली यॉर्कच्या वार्षिक सभेत ब्रिटनच्या क्वेकरांनी ठरवले की समलिंगी जोडप्यांची लग्ने अशाच रीतीने लावायची. इंग्लंडात तशी लग्ने कायदेशीर झाली मार्च 2014 मध्ये. पण सारे विलायती चर्च असे आहे असे समजू नका. इंग्लंडच्या अधिकृत चर्चने 2023 साली आशीर्वादाच्या प्रार्थनेला मोकळीक दिली, लग्नाला नाही. आणि त्या मोकळिकीवरूनही तिथे मोठी भांडणे झाली.

आपल्याकडचे काय? 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. पण देवळाचा दरवाजा न्यायालयाच्या मागोमागच उघडतो असे नाही. किन्नर आखाडा 2015 साली उभा राहिला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्याच्या प्रमुख. 2016 साली उज्जैनच्या सिंहस्थात हा आखाडा वाजतगाजत स्नानाला गेला, तेव्हा आशीर्वाद घ्यायला गर्दी लोटली. तृतीयपंथीयांचा प्रश्न आणि आमच्या भाच्याचा प्रश्न एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तसेच काळारामाच्या दारापुढे 2 मार्च 1930 पासून जे उभे राहिले, त्यांचे दुःख तर याहून कितीतरी दारुण. त्याची परिणती पाच वर्षांनी आपल्या शेजारच्या येवल्यात झाली, तीही आपण जाणता. तरी 'देवापुढे कोणी बसावे, हे कोणी ठरवायचे' हा सवाल या जिल्ह्याला परका नाही.

परत आल्यावर आम्ही घरच्या उपाध्यायांकडे गेलो. गृहस्थ सत्तरीचे, आमच्या लग्नातही तेच होते. सारे काही, काही न लपवता सांगितले. आयुष्यात प्रथमच सांगत होतो, म्हणून मध्येच शब्द अडकत होते. त्यांनी ऐकून घेतले. पंचांग उघडले, मिटले. मग विचारले, "त्या मुलाचं गोत्र काय?"

आम्ही म्हणालो, "गुरुजी, तो डच आहे."

"गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणतात. तेवढं बसतं. पुढे 'सपत्नीक' येतं तिथे काय म्हणायचं, ते मला बघू द्या. श्रावणापर्यंत सांगतो."