यंत्रातील खुंट्या



यंत्र कोणाचे, हा कामगार चळवळीचा जुनाच प्रश्न आहे. आज तो संगणकावरील यंत्राविषयी विचारावा, असे आम्ही योजिले आहे.

अनेक लहान संस्थांची संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ साली सुरू केले. २००४ च्या १.२ आवृत्तीपासून त्यास प्लगिन, म्हणजे बाहेरून जोडावयाचे सुटे भाग, बसू लागले. ते जीपीएल परवान्याखाली आहे; म्हणजे कोड वाचण्याचा आणि बदलण्याचा हक्क वापरणाऱ्यालाही आहे. परंतु हक्क कागदावर असणे निराळे आणि तो बजावता येणे निराळे, हे आपणांस सांगावयास नको.

आमच्या संघटनेस वर्गणीच्या पावतीवर सभासदाचा तिकीट क्रमांक हवा होता. एकाच नावाचे दोघे असले, तर पैसे कोणी भरले हे ठरावे कसे? काम घेणाऱ्या गृहस्थाने प्लगिनच्या मूळ कोडातच दोन ओळी घुसडल्या. पुढे नवी आवृत्ती आली, जुन्या फायली जाऊन नव्या बसल्या, आणि क्रमांक नाहीसा झाला!

वास्तविक चांगला कारागीर कोड लिहितानाच जागोजागी खुंट्या ठोकून ठेवतो. त्यांना हुक म्हणतात. त्यांच्या दोन जाती. ॲक्शन म्हणजे गिरणीचा भोंगा: तो झाला की ज्याने त्याने आपले काम करावे. फिल्टर म्हणजे हातोहात जाणारा माल: हाती येईल तो सुधारून पुढे दिलाच पाहिजे. ‘रिटर्न’ लिहावयाचे राहिले, की पुढच्याचे हात रिकामे आणि पावती कोरी.

खुंट्या शोधाव्या कशा? प्लगिनच्या साऱ्या फायलींत ‘डू_ॲक्शन’ आणि ‘अप्लाय_फिल्टर्स’ हे शब्द हुडकावे. सापडतील तेथे खुंटीचे नाव आणि तिच्यासोबत धाडलेली माहिती टिपावी. काही नावे अर्धी ठरीव आणि अर्धी आयत्या वेळी बनणारी असतात. तेथे ठरीव अर्धे शोधावे. मग आपला कोड स्वतंत्र छोट्या प्लगिनात लिहून ‘ॲड_ॲक्शन’ किंवा ‘ॲड_फिल्टर’ने खुंटीला टांगावा. अग्रक्रम न सांगितल्यास १० धरतात. लहान आकडा आधी, मोठा मागून. माहितीचाही पहिलाच नग हाती येतो. अधिक हवे असल्यास तसे सांगावे लागते.

बिघाड शोधतानाही हीच वाट. ‘डब्ल्यूपी_डीबग’ आणि ‘डब्ल्यूपी_डीबग_लॉग’ चालू करावे. मात्र चुका लोकांच्या पडद्यावर दाखवू नयेत. आरंभी काही न बदलता खुंटीवरून केवळ एक नोंद लिहवावी. ती उमटली नाही, तर नाव चुकले, वा कोड त्या जागी पोहोचलाच नाही, वा आपण भोंगा होऊन गेल्यावर आलो. नोंद उमटूनही फळ दिसले नाही, तर आपल्यामागून कोणी माल बदलीत नाही ना, हे पाहावे.

आणि खुंटीच नसेल तर? कर्त्याकडे मागणी करावी. पण फाईल आणि ओळ दाखवून. मोघम गाऱ्हाणे टेबलावर पडून राहते, नेमक्या मागणीला उत्तर द्यावे लागते, हा आमच्या आयुष्यभराचा अनुभव आहे. मालकी सगळ्यांना मिळत नाही. परंतु यंत्राच्या आत डोकावून आपली जागा कोठे आहे हे पाहणे, एवढे तरी शहाणपण कामकऱ्याने कोणाकडेही गहाण ठेवू नये.