वस्तीचे आरोग्य आणि महिलांची समिती



मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. आरोग्यावर मी काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु काउंटरवर बसून मला जे उमगले, तेवढेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी झोपडपट्टीतील दोन भगिनी महिला आरोग्य समितीचे खाते उघडण्यासाठी आल्या. कागदात उणीव आहे, म्हणून मी त्यांना परत पाठविले. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा दुसरी उणीव निघाली. तिसऱ्या खेपेला थोरल्या बाई म्हणाल्या, "साहेब, दर वेळी कामावर खाडा पडतो आमचा." मला माझीच लाज वाटली. पहिल्याच दिवशी सगळे कागद नीट पाहून सांगितले असते, तर दोन दिवसांची मजुरी वाचली असती.

ही समिती म्हणजे काय? २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात साधारण ५० ते १०० घरांमागे महिलांची एक समिती आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी, अशी तरतूद करण्यात आली. रक्कम लहान आहे. परंतु ती कशावर खर्चावी, हे वस्तीतील स्त्रियांनी एकत्र बसून ठरवावयाचे, ही गोष्ट लहान नाही.

मात्र बायका जमल्या की आरोग्य आपोआप सुधारते, या भ्रमात आपण राहू नये. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात खेडोपाडी महिलांचे गट बसले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गट असलेल्या भागात नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. तसाच प्रयोग २००६ ते २००९ या काळात मुंबईच्या ४८ वस्त्यांत झाला. २४ वस्त्यांत गट स्थापन केले आणि उरलेल्या २४ वस्त्यांशी तुलना केली. तेथे मात्र गटांमुळे बालमृत्यू घटल्याचे दिसले नाही.

असे का व्हावे? मला वाटते, मकवानपूरला बहुतेक बाळंतपणे घरीच होत. स्वच्छता आणि काळजी घरच्या बायकांच्या हाती होती. मुंबईत बहुतेक स्त्रिया रुग्णालयात जातात. तेथील खाटा, डॉक्टर, औषधे यांवर गटाची सत्ता चालत नाही. तसेच नळाला पाणीच नसेल, तर हात धुण्याचा उपदेश काय कामाचा?

म्हणून गटाला उपदेशाबरोबर अधिकारही हवा. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या स्त्रियांनी १९८६ मध्ये 'महिला मिलन' उभे केले. पुढे १९९९ नंतर पुणे महापालिकेने वस्त्यांत सार्वजनिक शौचालये बांधली, तेव्हा त्या कामात ही संघटना सहभागी होती. स्त्री-पुरुषांची सोय वेगळी झाली, लहान मुलांसाठी निराळी शौचालये झाली. रांगेत पोराला घेऊन उभी राहिलेली बाईच हे सुचवू शकते.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार बव्हंशी सरकारने उचलावा. आईच्या आरोग्याची जबाबदारी एकट्या आईवर टाकता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

सभासदांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण बँकेत, महापालिकेत, शाळांत नोकरीस आहेत. आपल्या टेबलावर अशा समितीचा कागद आला, तर तो अडवू नका. काय कमी आहे ते एकदाच, नीट लिहून द्या. विद्यार्थ्यांनी रविवारी तासभर वस्तीत बसावे, बैठकीचे इतिवृत्त आणि पाण्याचा अर्ज लिहून द्यावा, दिलेल्या अर्जाची पोच घ्यावी. काय मागायचे ते त्या बायका ठरवतील. आपण फक्त त्यांचा खाडा वाचवू या.