मुरगांवची आगगाडी



कॅसलरॉकचें स्टेशन सोडून आगगाडी गोव्याकडे घाट उतरूं लागली, कीं दूधसागराचा धबधबा पाहण्यासाठीं प्रवासी खिडक्यांशीं दाटी करतात. याच परिसरांत एके काळीं दोन राज्यांची सरहद्द होती, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

इ. स. १८७८ मध्यें इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यांत एक तह झाला. मुरगांवास बंदर बांधावें, तेथून सह्याद्रि ओलांडून ब्रिटिश मुलखापर्यंत लोहमार्ग न्यावा आणि परस्परांमधील जकात उठवावी, असा त्याचा आशय होता. लोहमार्ग बांधणारी कंपनी लंडनची. तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी मात्र पोर्तुगीज सरकारची. १८८८ सालीं हा मार्ग सरहद्दीपर्यंत खुला झाला.

परंतु १८९२ मध्यें तह संपुष्टांत आला आणि जकातीच्या चौक्या पुन्हां उभ्या राहिल्या. एका राज्याची झडती कॅसलरॉकला, दुसऱ्याची कुळें येथें. बंदराच्या भरभराटीविषयीं ज्या आशा बाळगल्या होत्या, त्या फळास आल्या नाहींत. हमीचें ओझें तेवढें राहिलें. तरीही पोटासाठीं मुंबईची वाट धरणाऱ्या कित्येक गोवेकरांना याच गाडीचा आधार होता.

पुढें १५ ऑगस्ट १९५५ रोजीं गोव्यांत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनीं गोळ्या झाडल्या. त्याच वर्षीं सरहद्द बंद होऊन ही आगगाडीही थांबली. रूळ जागच्या जागीं होते. पण मुंबईचा मुलगा व गोव्यांतील आई यांच्यामधला तो रस्ता मिटला. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला, सरहद्दच उरली नाहीं आणि गाडी पुन्हां धांवूं लागली. १९९० नंतरच्या दशकांत मीटरगेजच्या जागीं रुंद रूळ आले.

आतां प्रश्न निराळा आहे. कॅसलरॉक ते कुळें हा मार्ग दुहेरी करण्यास वन्यजीव मंडळानें दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें रद्द केली. कारण तो अभयारण्यांतून जातो. अशा निर्णयानें कोणी हळहळतो, कोणी समाधान मानतो. मला इतकेंच सांगावयाचें आहे: हमीचा बोजा घेतांना सामान्य गोवेकरास कोणीं विचारलें नव्हतें. आज तो न्यायालयाचें दार ठोठावूं शकतो. या मार्गाच्या इतिहासांतील सर्वांत मोठा पालट मला हाच वाटतो.